कावळ्याने मान्य केलेला नकाशा

माझा धाकटा भाऊ गजानन याच्या दशक्रियेला कावळा पिंडाला शिवत नव्हता. हसनाबादच्या नदीकाठी, बाभळीखाली, केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवलेला होता. बाभळीवर कावळे होते आणि त्यांच्यापैकी एकालाही भूक नव्हती. गजाननला मूल नसल्यामुळे विधीला आमच्या मधल्या भावाचा, बद्रीनाथचा, मुलगा कल्याण बसला होता. ऊन चढत होते. गावातली माणसे डोक्यावर टॉवेल घेऊन उभी होती. ती एकदा झाडाकडे पाहत आणि दोनदा हातातल्या मोबाइलकडे.

मी जन्मभर संस्कृत शिकवले आणि धर्मशास्त्राच्या पोथ्यांतले श्लोक तपासले. कोणता मूळचा आणि कोणता कुणी मागाहून आपल्या सोयीसाठी घुसडलेला, हे ठरवणे हा माझा व्यवसाय होता. श्राद्धाच्या प्रकरणात घुसडलेल्यांची संख्या फार मोठी आहे, कारण माणूस मेला की सगळ्यांनाच सोय हवी असते. त्या सकाळी मात्र मी काहीही तपासत नव्हते. धाकटा भाऊ आपल्याआधी जातो तेव्हा दुःख होते असे मी वाचलेले होते. मला पायांखालची वाळू तापलेली कळत होती, एवढेच.

कावळा अडला की मृताची राहिलेली इच्छा शोधायची आणि ती पुरी करण्याचा शब्द मोठ्याने द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. शब्द नेमका असेल तर कावळा उतरतो.

"कल्याण, बोल की. काकूला सांभाळीन म्हण," मागून कुणीतरी म्हणाले.

कल्याण म्हणाला. कावळे बसून राहिले.

"आरं मोठ्यानं बोल, त्येला आयकू गेलं पाह्यजे."

"मिस कॉल दे मंग," दुसरा म्हणाला, आणि तोंडावर टॉवेल धरून दोघे-तिघे हसले.

अखेर शेजारच्या साळूबाई पुढे आल्या. आमच्या आईच्या मैत्रिणींपैकी त्या एकट्याच उरल्या होत्या, आणि गावात त्यांना कुणी गप्प बसवू शकत नसे. "बद्री, घराचं बोल," त्या म्हणाल्या. "पोराचा जीव तिथंच आडकला आसंल."

घराचे सगळ्यांना ठाऊक होते. नवीन जालन्यातला प्लॉट बद्रीनाथच्या नावावर होता, कारण घेतला तेव्हा गजानन बियाण्याच्या कंपनीच्या कामाने सतत फिरतीवर असे आणि सह्या करायला बद्रीनाथ मोकळा होता. त्यावर घर बांधले ते गजाननने, आपल्या पगारातून, वर्षानुवर्षे हप्ते फेडत. जागा त्याच्या नावे करून देण्याचे बोलणे दर दिवाळीला होई आणि फराळाबरोबर संपे.

बद्रीनाथने डोक्यावरचा टॉवेल खाली घेतला, हात जोडले. "गजा, घर सुरुचीच्या नावानं करून देतो. सगळ्यांम्होरं सांगून राह्यलो."

एका कावळ्याने फांदीवर चोच घासली. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

राधेश्याम गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला. खरा कावळा येत नसेल तर दर्भाच्या काड्यांचा कावळा करून त्याच्या चोचीने पिंडाला स्पर्श करवावा, अशी सोय आहे. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, कारण माझ्यासमोर विधी करताना ते नेहमी परीक्षेला बसल्यासारखे वागत. मी मान हलवली. चालतो.

तेवढ्यात मागे बायकांत बसलेली सुरुची, गजाननची बायको, उठली. ती दहा दिवसांत फारशी कुणाशी बोलली नव्हती. झाडाकडे न पाहता, पानाकडे पाहत, जेवायला या म्हणावे अशा आवाजात ती म्हणाली, "गाडीतला तुमचा नकाशा मी दुरुस्त करून घेईन. जा आता. लोक उपाशी आहेत."

कावळा उतरला.

त्याने पिंडाचा लचका तोडला, दुसरा उतरला, आणि माणसे सुटकेचा श्वास सोडून चपला शोधू लागली. सुरुची पुन्हा खाली बसली.

पंगत उठल्यावर बद्रीनाथ ओसरीवर माझ्याजवळ येऊन टेकला. त्याने पान जुळवले, चुना लावला, आणि निकाल वाचून दाखवावा तसे म्हणाला, "बघितलं ना, आक्का? घराचं बोललो तर ढिम्म हालला न्हाई. नकाशाचं नाव निघालं का आला. म्हंजी गजाचा जीव नकाशात व्हता. घरात नव्हता."

"तू शब्द दिलास, बद्री."

"दिला. बिलकुल दिला. पण त्यानं घेतला न्हाई. घेतलाच न्हाई तर माझ्यापाशीच राह्यला ना?"

इतका निर्दोष युक्तिवाद मी विद्वानांच्या परिषदांतही क्वचितच ऐकला होता. आमच्या घराण्यात शास्त्र मी शिकले, पण त्याची खरी बुद्धी बद्रीनाथला मिळाली.

"नकाशाचं मी बघतो," तो उदार होऊन म्हणाला. "खर्चा सगळा माझा. वर्षश्राद्धाच्या आत झालं पाह्यजे. मंग कल्याण त्या घरात क्लास काढंल, खालच्या खोल्या मोठ्या हायेत. सुरुचीला गच्चीवरची खोली हायच की. तिला काय करायचंय एवढं घर?"

गच्चीवरच्या खोलीत पाण्याची टाकी आणि जुने कूलर ठेवलेले होते.

*

गाडीविषयी सांगायला हवे. गजाननने कंपनीच्या जीपमधून अख्खा जिल्हा पायाखाली घातला होता. कुठल्या शिवारात कपाशीचे बीजोत्पादन कोण करतो, कुठला फाटा पावसात बंद होतो, अंतरवालीच्या कुठल्या टपरीवर चहात सुंठ घालतात, हे त्याला झोपेत सांगता येई. नोकरी सुटल्यावर या माणसाने पुण्याहून एक जुनी जर्मन गाडी आणली. दोन आसनांची, काळी, बसक्या बेडकासारखी जमिनीला चिकटलेली. जालन्याच्या रस्त्यांवर ती गतिरोधक पाहून थांबे आणि विचार करी. लोक हसले. बद्रीनाथ तर, "दोघांचीच गाडी घेतली, तिसऱ्याला न्यायची पंचाईत न्हाई," असे चारचौघांत म्हणाला.

तिच्या मधोमध गाडीच्या कंपनीनेच बसवलेला नकाशाचा पडदा होता. उपग्रहांवरून जागा ओळखून रस्ता सांगणारा. तो पहिल्या दिवसापासून बिघडलेला होता. पडद्यावर गाडीचा बाण निळ्या पसाऱ्यात उभा असे, कोकणच्या किनाऱ्यापासून बराच आत, समुद्रात. हात फिरवला तरी, गाडी हलवली तरी, बाण समुद्रातच.

"आपण बुडालेलो आहोत, आक्का," तो मला म्हणत असे. "सरकारी कागदावर जालना जिल्हा, यंत्राच्या मते अरबी समुद्र."

"तुला नकाशा कशाला हवा? जिल्ह्याचा नकाशा तूच आहेस."

"मला रस्ता नकोय गं. मी इथं आहे, एवढं त्या यंत्रानं मान्य करावं."

संध्याकाळी तो आणि सुरुची त्या गाडीत पोर्चमध्येच बसत. कुठे जात नसत. दारे उघडी टाकून चहा पीत, आणि पडद्यावर समुद्र असे. एके दिवशी राजूरजवळच्या एका शेतात तो मका पाहायला वाकला आणि उठला नाही.

*

आदिनाथ नावाचा माणूस रेल्वे स्टेशनच्या बाजूला गाड्यांत गाणी आणि दिवे बसवून देई. त्याला बद्रीनाथने पाठवले होते. त्याने पोर्चमध्ये येऊन गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, आत बसला, पडदा चालू केला आणि समुद्र पाहिला.

"वहिनी, सोप्पंय. हे सगळं काढून फेकू. अँड्रॉइडची मोठी स्क्रीन टाकू. यूट्यूब लागंल, रिव्हर्सचा कॅमेरा लागंल, मॅप तर लागंलच. आजकाल सगळे तेच करून राह्यले. संध्याकाळपर्यंत तुमची गाडी नवी नवरी."

सुरुची दारात उभी होती; दशक्रियेनंतर मी तिच्याबरोबरच राहत होते. "दुरुस्त करायचंय," ती म्हणाली.

"दुरुस्तच हाय ना हे."

"नाही. हेच चाललं पाहिजे."

आदिनाथने माझ्याकडे पाहिले. मी शहाणी असेन अशी त्याला आशा होती. मी म्हटले, "त्यांनी शब्द दिलाय. नवा पडदा बसवण्याचा नव्हे, हा नकाशा दुरुस्त करण्याचा."

"कुणाला दिलाय?"

"कावळ्याला."

त्याने पडदा बंद केला. "मंग अवघड हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "गिऱ्हाइकाला समजावता येतं."

मला घाई नव्हती, हे इथे नोंदवलेले बरे. नकाशा चालू झाला की बद्रीनाथ मोकळा होणार होता. तो जितका उशिरा चालू होईल तितके दिवस खालच्या खोल्या सुरुचीच्या. म्हणून आदिनाथ जेव्हा जेव्हा जुगाड सुचवी तेव्हा तेव्हा मी शास्त्र सांगे. सुरुचीला हा हिशेब कळत होता की नाही, मला सांगता येणार नाही. तिला फक्त शब्द पाळायचा होता. कधीकधी प्रामाणिक माणूस आपल्याच बाजूला असावा आणि नेमके तेच आपल्या विरुद्ध जावे, अशी ती गोष्ट होती.

आदिनाथने आधी सांगितले की उपग्रह बंद पडला असेल. मग डिकीच्या झाकणाखाली अँटेना सापडला. त्याची वायर गंजून तुटली होती. नवी घातली. बाण समुद्रातच राहिला. मग नकाशाची तबकडी वाचणारे भिंग त्याने साफ केले. नकाशा अधिक स्पष्ट दिसू लागला, म्हणजे समुद्र अधिक निळा झाला.

"तारीख बघा, मॅडम," तो एकदा वैतागून म्हणाला. "ही गाडी अजून मनमोहनसिंगांच्या टायमात हाय."

खरेच पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख जवळजवळ वीस वर्षे मागची होती. मी त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, जर्मन गाडीमालकांच्या एका चर्चास्थळावर उत्तर शोधले. संस्कृतच्या अभ्यासासाठी तरुणपणी जर्मन शिकावे लागले होते, कारण आपल्या पोथ्यांविषयीचे बरेच चांगले लेखन त्या भाषेत पडलेले आहे. चाळीसेक वर्षांनी त्या भाषेचा उपयोग झाला तो हा. ही जुनी यंत्रे आठवडे ठराविक मर्यादेपर्यंतच मोजतात. मर्यादा संपली की पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. मग आकाशात उपग्रह ज्या जागी असायला हवेत असे त्यांना वाटते त्या जागी ते सापडत नाहीत, आणि यंत्र शेवटच्या आठवणीला धरून बसते. सुधारलेल्या बनावटीची पेटी बसवणे हाच उपाय होता.

हे सगळे मला अगदी शांतपणे समजले. यंत्राला जे माफ आहे ते माणसाला नसते. आपल्याला आजची तारीख रोज कळते.

"तुम्ही लई वाचता, मॅडम," आदिनाथ म्हणाला, आणि तशी पेटी भंगारात शोधायला लागला.

दरम्यान बद्रीनाथ दर पंधरा-वीस दिवसांनी येई. येताना भाजी आणी, जाताना खोल्या पाही. एकदा कल्याणला बरोबर घेऊन आला आणि भिंतीला टेप लावून फळ्याची रुंदी मोजली. सुरुचीने दोघांना पोहे दिले.

"काकू, तुमचा सोफा वर न्हाई जायचा," कल्याण अवघडून म्हणाला. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असण्याची जबाबदारी त्याच्या वतीने वडील पार पाडत होते.

"खालीच ठेव मग," सुरुची म्हणाली. "मुलं बसतील."

ते गेल्यावर मी तिला विचारले, "तुला राग येत नाही?"

तिने पोह्यांची ताटे एकात एक ठेवली. "येत असेल, आक्का. कुठेतरी असेल. मला सापडत नाही."

*

पेटी मिळाली ती मुंबईच्या भंगारातून, कुठल्याशा अपघातात गेलेल्या तशाच गाडीची. आदिनाथने ती बसवली, लॅपटॉप जोडून तासन्‌तास झटापट केली, गाडी पोर्चमधून उघड्या आभाळाखाली घेतली आणि आम्हाला हाक मारली. पडदा काळा होता. मग पांढरा. मग समुद्र न येता एकदम रस्ते आले, जाड-बारीक, आणि त्यांच्यामध्ये आमची गल्ली, आणि गल्लीत बाण.

"आला!" आदिनाथने बॉनेटवर हात मारला. "आला का न्हाई जालन्यात?"

त्याच वेळी गाडीतून एक बाई बोलू लागली. स्वच्छ, थंड, शिक्षिकेसारखा आवाज. जर्मन.

"ही कोण?" सुरुची म्हणाली.

"पेटीबरोबर आलीय," आदिनाथ म्हणाला. "भाषा बदलून राह्यलो, पण ही सोडत न्हाई. मरू द्या, मॅप तर बराबर हाय ना?"

सुरुची गाडीत बसली. ती बाणाकडे पाहत राहिली. आता ती रडेल असे मला वाटले, आणि त्यासाठी मी तयारी केली. तिने पडद्यावर बाणाजवळ एकदा बोट टेकवले, कपाळावरचे कुंकू नीट आहे का ते पाहावे तसे. मग ती उतरली आणि आदिनाथसाठी चहा ठेवायला आत गेली.

बद्रीनाथला फोन मी केला नाही. आदिनाथने केला. बिल त्याच्याकडून घ्यायचे होते.

"वर्षश्राद्धाला गाडी नदीवर आणायची," बद्रीनाथ मला फोनवर म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने भरून आला होता. "सगळ्या गावाम्होरं शब्द दिल्ता, सगळ्या गावाम्होरं पुरा झाला पाह्यजे. मंग कुणाला बोलायला जागा न्हाई."

*

आमच्याकडे वर्षाच्या श्राद्धालाही नदीवर पान ठेवतात आणि कावळ्याची वाट पाहतात. तीच बाभूळ, तेच लोक, तसेच ऊन. नवी होती ती गाडी. आदिनाथ ती चालवत आणत होता आणि बद्रीनाथ मांडव घालणाऱ्याच्या थाटात त्याला हाताने जागा दाखवत होता. "इकडं, इकडं घे, झाडाखाली. मधी लाव. सगळ्यांना दिसू दे." दारे उघडी ठेवली. पडदा चालू ठेवला. बॅटरी कमजोर होती म्हणून इंजिनही चालू ठेवावे लागले. त्या गाडीचे इंजिन हळू आवाजात गुरगुरणे जाणत नसे.

माणसे ओळीने वाकून पाहून गेली. "ह्यो बाण म्हंजी आपुण?" "आन ही नदी?" "न्हाई रे, नदी न्हाई दिसत. नदीला पाणी न्हाई, तिला काय दाखवायची?" बद्रीनाथ प्रत्येकाला समजावून सांगत होता. एखाद्या जीर्णोद्धाराचा तो यजमान असावा, असे वाटत होते.

कल्याणने पिंड ठेवला. गुरुजींनी मंत्र संपवले. सगळे मागे सरले.

कावळे आले नाहीत. ते नदीपलीकडच्या लिंबावर बसले होते, आणि तिथूनच ओरडत होते.

गाडी रस्ता सोडून नदीकाठी उतरवलेली असल्यामुळे आतली बाई अस्वस्थ होती. दर थोड्या वेळाने ती एकच वाक्य म्हणे, "बिट्टे वेंडेन." आवाज खडकांवरून परत येई.

आदिनाथ माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, गाडी बंद करून मागं घेऊ का? ह्या आवाजानं कावळे बिथरून राह्यले."

"असू द्या," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले, मग बद्रीनाथकडे, मग गाडीजवळ जाऊन दरवाजाला टेकून उभा राहिला. त्या क्षणी आदिनाथविषयीचे माझे मत सुधारले.

वेळ गेला. टॉवेल डोक्यावर आले. मोबाइल निघाले. कुजबुज सुरू झाली आणि बद्रीनाथच्या मानेवर घाम दिसू लागला.

"आता काय राह्यलं?" कुणीतरी म्हणाले. "नकाशा तर झाला."

"मंग दुसरं काहीतरी राह्यलं आसंल," साळूबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती.

बद्रीनाथ झटकन वळला. "गुरुजी, लई टाइम झाला. दर्भाचा करा."

गुरुजींनी पिशवीत हात घातला आणि माझ्याकडे पाहिले.

"चालतो ना, आक्का?" बद्रीनाथ म्हणाला. "मागच्या बारीला तूच मान हलवल्ती."

"तेव्हा चालत होता," मी म्हणाले. "तेव्हा दिलेला शब्द मोडलेला नव्हता."

"असं कुठं लिव्हलंय?"

हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आले. कुणी तो मला विचारण्याची वेळ कधी आली नव्हती, कारण मी आधाराशिवाय बोलत नसे. मी उभी राहिले, पदर खांद्यावर घेतला आणि सावकाश, प्रत्येक चरण सुटा करत म्हटले:

"प्रतिश्रुतमदत्त्वा यः पितृकार्यं समाचरेत् ।
न तस्य दर्भकाकेन पिण्डस्पर्शः प्रशस्यते ॥"

"म्हंजी?" साळूबाई म्हणाल्या.

"कबूल केलेलं न देता जो पितरांचं कार्य करतो, त्याच्या पिंडाला दर्भाचा कावळा शिवलेला चालत नाही."

वृत्त निर्दोष होते. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. गुरुजी पिशवीत हात घालत होते आणि बद्रीनाथ प्रश्न विचारत होता, तेवढ्या वेळात हा श्लोक रचून झाला होता. माझ्या हयातीत घुसडलेले श्लोक मी ढिगाने पकडले. त्यांच्या कर्त्यांचा मला तिरस्कार वाटत असे. ते कोणत्या उन्हात उभे असतील, याचा विचार मी केला नव्हता, आणि त्या दिवशीही केला नाही. मला काहीच वाटत नव्हते. हात थंड होते.

गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. हा श्लोक त्यांनी कधी ऐकला नव्हता, हे त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ होते. त्यांना पुष्कळ श्लोक येत होते.

"आहे," ते म्हणाले. "आम्हाला पाठशाळेत होता." आणि त्यांनी दर्भ पिशवीत परत ठेवला.

"बिट्टे वेंडेन," गाडी म्हणाली.

"ही बाई मघाधरून काय म्हणून राह्यली?" बद्रीनाथ भडकून ओरडला.

"कृपया परत फिरा म्हणते," मी म्हणाले.

"आरं मंग फिर की, बद्री!" साळूबाई म्हणाल्या, आणि इतका वेळ उन्हात दाबून ठेवलेले हसे एकदम फुटले. म्हातारी माणसे हसली, बायका पदराआड हसल्या, विधीला बसलेला कल्याणही मान खाली घालून हलू लागला. बद्रीनाथ त्या हशामध्ये एकटा उभा होता. रागावलेला माणूस गावाला चालतो. हसू झालेल्याला पुढच्या बाजाराला तोंड लपवावे लागते. हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

त्याने हात जोडले नाहीत. पिंडाकडे पाहत तो म्हणाला, "घर सुरुचीच्या नावानं करून देतो."

"कधी?" साळूबाई म्हणाल्या.

"सोमवारी."

"कुठं?"

"रजिस्ट्रीच्या हापिसात, मावशे! अजून काय, मुहूर्त काढू का?"

"काढायचा आसंल तर गुरुजी हितंच हायेत."

मी आदिनाथकडे पाहून मान हलवली. त्याने आत वाकून किल्ली फिरवली. इंजिन थांबले, बाई थांबली, आणि नदीकाठ इतका शांत झाला की पलीकडच्या लिंबावरचे पंख ऐकू आले. पहिला कावळा पात्रावरून सरळ आला, आणि त्याने कुणाकडे न पाहता पिंडात चोच घातली.

सुरुची बायकांत बसलेली होती. तिने कावळ्याकडे पाहिले. मग पायातला काटा शोधू लागली.

*

सोमवारी बद्रीनाथ आला. न येण्याला आता त्याला आधार उरला नव्हता. सह्या झाल्या. तो माझ्याशी बोलला नाही, पण बाहेर पडताना सुरुचीला म्हणाला, "कल्याणच्या क्लाससाठी खालची एक खोली भाड्यानं दिली तर बघ. बाहेरच्यापेक्षा आपला माणूस बरा." ती "बघते" म्हणाली.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर राधेश्याम गुरुजी उभे होते. खास माझ्यासाठी आले होते. "ताई, तो श्लोक लिहून द्याल का? भोकरदनला एका घरी असंच अडलंय. थोरला बहिणीचा वाटा देईना." त्यांनी खिशातून पेन काढून पुढे केले. "ग्रंथाचं नाव नसलं तरी चालेल."

मी लिहून दिला. अक्षर चांगले काढले, म्हणजे पुढे नकलताना कुणी चुकणार नाही.

घरी जाताना गाडी सुरुचीने चालवली. ती गजाननच्या जागी बसली होती आणि मी शेजारी, तिच्या नेहमीच्या आसनावर. पडद्यावरचा बाण आमच्याबरोबर प्रत्येक वळणावर वळत होता. फाटकाशी आल्यावर ती जर्मन बाई एक लांबसे वाक्य बोलली.

"काय म्हणाली?"

"पोचलो म्हणते."

सुरुचीने गाडी पोर्चमध्ये घेतली. किल्ली फिरवली नाही. "आक्का, तो श्लोक खरा होता?"

"नाही."

"मग कावळा का आला?"

"गाडी बंद केली म्हणून."

तिने हे तपासून पाहिले. समोर भिंतीवर कल्याणने फळ्यासाठी ओढलेली पेन्सिलीची रेघ खिडकीतून दिसत होती.

"मागच्या वर्षी तिथे गाडी नव्हती," ती म्हणाली.

याला माझ्याकडे आधार नव्हता. पडदा थोड्या वेळाने आपोआप मंद झाला. गल्ली दिसेनाशी झाली, बाण दिसत होता. सुरुचीने दार उघडले, आणि चहा ठेवायला आत न जाता तिथेच बसून राहिली.